दहा डॉलरचा दंड

मंडळी, जुलै 1944. अमेरिकेत व्हर्जिनिया राज्यातल्या ग्लॉस्टरहून बाल्टिमोरला निघालेली ग्रेहाउंड बस. 27 वर्षांची कृष्णवर्णीय आयरीन मॉर्गन त्यात बसलेली. नुकताच गर्भपात झालेला, अंगात त्राण नाही. एक गोरं जोडपं चढलं आणि ड्रायव्हरने तिला आणि शेजारच्या लेकुरवाळ्या बाईला उठायला सांगितलं. ही उठली नाही, शेजारणीलाही उठू देईना. वॉरंट हातात दिलं तर फाडून खिडकीबाहेर टाकलं. पोलिसाने अंगाला हात लावल्यावर त्याला लाथ घातली.

लाथेचा 100 डॉलर दंड तिने मुकाट्याने भरला. जागा न सोडल्याचे 10 डॉलर मात्र भरायला तिने साफ नकार दिला. आपला आजचा विषय त्या दहा डॉलरचा आहे.

त्यासाठी थोडं मागे, 1872 मध्ये जाऊ. लुइझियानात जोसेफिन डिक्यूर ही कृष्णवर्णीय विधवा, चांगली जमीनदारीण. आगबोटीत स्त्रियांच्या केबिनमध्ये तिला जागा नाकारली, तिने रात्र खुर्चीवर बसून काढली. गंमत बघा, त्या वेळी लुइझियानाचा कायदा तिच्या बाजूने होता. वाहतुकीत वर्णावरून भेद करायचा नाही, असं 1869 सालीच ठरलेलं होतं. राज्याच्या कोर्टाने तिला 1000 डॉलर भरपाई दिली. सर्वोच्च न्यायालयाने 1878 मध्ये ती काढून घेतली. कारण काय? बोट पुढे मिसिसिपी राज्यात जाते. एका राज्यात सगळे एकत्र आणि पलीकडे वेगळे बसवायचे, तर व्यापार कसा चालणार? आंतरराज्य व्यापार हा संसदेचा प्रांत, राज्याने त्यात लुडबुड करायची नाही.

ठीक. मग 1888 मध्ये मिसिसिपीने उलटा कायदा केला: रेल्वेत गोऱ्या आणि कृष्णवर्णीय प्रवाशांसाठी वेगळे डबे लावलेच पाहिजेत. रेल्वे कंपनी कोर्टात गेली, कारण जादा डब्याचा खर्च तिच्या बोकांडी. आता व्यापारात अडथळा आला की नाही? 1890 मध्ये सर्वोच्च न्यायालय म्हणालं, नाही, हा राज्याच्या हद्दीपुरता मामला आहे. न्यायमूर्ती हार्लन यांनी भिन्नमतात डिक्यूर खटल्याची आठवण करून दिली. एकत्र बसवलं तर व्यापाराला त्रास, वेगळं बसवलं तर नाही! 1896 चा प्लेसी खटला तुम्हाला माहीत आहे, ‘वेगळे पण समान’. म्हणजे सोयी समान असतील तर वेगळं बसवणं घटनेला धरून आहे. त्यावर आज वेळ घालवत नाही. त्या निकालाचा पाया आधीच रचून झाला होता, एवढंच सांगतो.

आता मॉर्गनच्या वकिलांची करामत. थर्गुड मार्शल, विल्यम हेस्टी, स्पॉट्सवुड रॉबिन्सन. समतेच्या कलमावर लढले तर प्लेसी आडवा येणार. म्हणून त्यांनी जोसेफिनला हरवणारंच शस्त्र उचललं. बस राज्य ओलांडते, प्रत्येक हद्दीवर प्रवाशांनी जागा बदलायच्या का? 3 जून 1946 ला न्यायालयाने सात विरुद्ध एक मतांनी बसमध्ये वर्णावरून वेगळं बसवणारा व्हर्जिनियाचा कायदा आंतरराज्य प्रवासापुरता रद्द केला. निकालात भर आहे तो प्रवाशांच्या गैरसोयीवर. मला हा निकाल आवडतो आणि वाचताना चीडही येते. बाईचा अपमान झाला, हे त्याच्या तर्कात कुठे बसतच नाही.

शिवाय मर्यादा उघड होती. अलाबामा राज्यातल्या माँटगोमेरी शहराची सिटी बस राज्याची हद्द ओलांडत नाही. तिथे समतेचा प्रश्न थेट विचारावाच लागला. ऑरेलिया ब्राउडर, सुझी मॅकडॉनल्ड, मेरी लुईस स्मिथ आणि अटक झाली तेव्हा अवघी 15 वर्षांची असलेली क्लॉडेट कॉल्विन, या चौघींच्या दाव्यात तो विचारला गेला. जून 1956 मध्ये संघीय न्यायालयाने दोन विरुद्ध एक मतांनी शहराचा नियम घटनाबाह्य ठरवला, 13 नोव्हेंबरला सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम केला.

माँटगोमेरीच्याच बसमध्ये जागा न सोडल्याबद्दल अटक झालेल्या रोझा पार्क्स या दाव्यात का नाहीत, असं मघाशी कुणीतरी विचारलं. त्यांच्यावरचा फौजदारी खटला अपिलात राज्याच्या कोर्टांत होता. तिथे तो कुजत पडला असता. फ्रेड ग्रे या तरुण वकिलाने म्हणून वेगळा दावा थेट संघीय न्यायालयात लावला.