फोटो वाटेत कुठे बिघडतो?

श्रोतेहो, मालवण-तारकर्लीच्या किनाऱ्यावर आपल्यापैकी अनेकांचे होमस्टे आहेत आणि त्यांच्या वेबसाइटीही आहेत. चांगल्या कॅमेऱ्याने टिपलेला सिंधुदुर्ग किल्ल्याचा फोटो आपल्याच मोबाइलवर उघडला, की तटाच्या दगडांचा पोत पुसट होतो, निरभ्र आकाशात पट्टे उमटतात आणि लाटांच्या फेसाचा लगदा होतो, ही तक्रार माझ्या कानी वारंवार येते. अशा वेळी बोल लागतो तो फोटोग्राफरला किंवा वेबसाइट करून देणाऱ्याला. माझे म्हणणे एवढेच, की फोटो वाटेत नेमका कुठे बिघडला ते आधी पाहावे. पुष्कळदा तो पाहणाऱ्याच्या ब्राउझरमध्येच बिघडलेला असतो.

इंटरनेट मंद आणि महाग होते त्या काळात ऑपेरा मिनीसारखे ब्राउझर डेटा वाचवतात म्हणून लोकप्रिय झाले. त्यांच्या कमाल बचतीच्या प्रकारात वेबसाइटचे पान थेट आपल्या फोनवर येत नाही. ते आधी कंपनीच्या सर्व्हरवर उतरते, तेथे चित्रे आवळली जातात, म्हणजे त्यांच्या फाइली लहान केल्या जातात, आणि मग ते पान आपल्यापर्यंत पोचते. (बँकेचे व्यवहार या प्रकारात करू नयेत, असे मी सांगतो ते याचमुळे.) क्रोममध्येही डेटा वाचवणारा ‘लाइट मोड’ होता, तो गुगलने २०२२ मध्ये बंद केला.

चित्र आवळताना काय होते, हे समजून घेण्याजोगे आहे. जेपेग ही १९९२ पासूनची प्रमाणित पद्धत चित्राचे ८ × ८, म्हणजे ६४ ठिपक्यांचे चौकोन पाडते आणि प्रत्येक चौकोनातले जे बारीक चढउतार डोळ्याला सहसा जाणवत नाहीत, ते टाकून देते. शिवाय रंगाची माहिती बहुधा चार ठिपक्यांमागे एकदाच राखली जाते. गुणवत्ता थोडी उतरवली तर हे कळतही नाही. फार उतरवली, की चौकोनांच्या कडा उघड्या पडतात आणि जांभ्या दगडाचा तांबडा रंग शेजारच्या हिरव्या झाडीत उतरल्यासारखा दिसतो. टाकलेली माहिती परत येत नाही, म्हणून असा फोटो एखाद्या ॲपने ‘शार्प’ केला तर त्यातले डागच ठळक होतात.

तेव्हा तोच फोटो दोन वेगळ्या ब्राउझरमध्ये उघडून पाहावा. एकातच खराब दिसत असेल, तर त्याच्या सेटिंगमधली डेटा-बचत बंद करावी किंवा चित्रांची गुणवत्ता सर्वांत वरची निवडावी. त्यानंतर कॅश, म्हणजे ब्राउझरने फोनवर ठेवलेला पानांचा साठा, पुसायला मात्र विसरू नये. नाहीतर ब्राउझर साठवून ठेवलेली जुनीच प्रत दाखवतो आणि उपाय फसला असे वाटून आपण सेटिंग पुन्हा होते तसे करून टाकतो. दोन्हीकडे सारखाच खराब दिसला, तर वेबसाइटवर चढवलेली फाइल तपासावी. ती व्हॉट्सॲपवरून आलेली असेल, तर तिथेच ती आवळली गेली असण्याची शक्यता मोठी.

एका परिचित होमस्टेवाल्यांनी तर डेटा-बचत चालू असलेल्या ब्राउझरमधून स्वतःच्याच वेबसाइटवरचे फोटो उतरवून घेतले आणि नवी वेबसाइट करताना तेच पुन्हा चढवले. मग कोणत्याही ब्राउझरमध्ये ते बिघडलेलेच दिसू लागले. कॅमेऱ्याच्या कार्डवर मूळ फाइली शिल्लक होत्या, म्हणून निभावले.