मालेकॉन: हवानाचा सात किलोमीटरचा कट्टा

क्युबाची राजधानी हवाना आणि समुद्र यांच्यामध्ये आहे ती ही एवढी भिंत, मालेकॉन. कमरेइतकी उंच, वर ऐसपैस बसता येईल इतकी रुंद, आणि साधारण सात किलोमीटर लांब. पूर्वेला बंदराच्या तोंडावरचा ला पुंता किल्ला, पश्चिमेला अल्मेंदारेस नदीचं मुख. बंदराच्या पलीकडे दिसतो तो एल मोरो किल्ला. त्याचं दीपगृह 1845 मध्ये उभं राहिलं, तेव्हा अलीकडच्या काठावर नुसता दातेरी खडक होता.

खाली खडकातले हे चौकोनी हौद पाहा. भिंतीच्या आधीचे, एकोणिसाव्या शतकातले. हवानाची मंडळी इथे समुद्रस्नानाला येत. खवळलेल्या पाण्यात उतरायला नको, म्हणून खडक फोडून समुद्रच आत घेतला होता. आज त्यात मुलं सूर मारतात.

शहराला नळाचं पाणी देणारे अभियंते फ्रान्सिस्को दे आल्बेआर यांनी स्पॅनिश अमदानीतच या किनाऱ्याचा आराखडा केला होता. तो कागदावर राहिला. काम सुरू झालं 1901 मध्ये, क्युबा अमेरिकी लष्कराच्या ताब्यात असताना. पहिला टप्पा प्रादो मार्गाच्या टोकापासून जेमतेम अर्धा किलोमीटर. पुढे प्रजासत्ताक आलं, सरकारं बदलत राहिली आणि भिंत टप्प्याटप्प्याने पश्चिमेला सरकत गेली. नदीपाशी पोचायला 1950चं दशक उजाडलं. म्हणूनच पूर्वेकडून चालत निघालं की वाटेत शहराचं वय कमी होत जातं. आधी सज्जांची, खांबांच्या ओवऱ्यांची घरं. मग टेकाडावर 1930 चं हॉटेल नासिओनाल. मग व्हेदादो भागातले काँक्रीटचे उंच मनोरे.

मध्ये घोड्यावर जनरल आंतोनियो मासेओ. स्वातंत्र्ययुद्धातला हा सेनानी समुद्राकडे पाठ करून शहराकडे बघतो. पुढे दोन उंच खांब दिसतात, ते ‘मेन’ या अमेरिकी युद्धनौकेचं स्मारक. 1898 मध्ये ती इथल्या बंदरात स्फोट होऊन बुडाली. खांबांवरचा गरुड, अमेरिकेचं प्रतीक, फिडेल कास्त्रोंच्या क्रांतीनंतर, 1961 मध्ये उतरवला गेला.

आता या घरांकडे नीट बघा. मालेकॉनची खरी श्रीमंती रस्त्याच्या या बाजूला आहे. या इमारतीचा सज्जा दगडी स्त्रियांनी डोक्यावर तोलला आहे. शेजारच्या घराला फिका निळा रंग, त्यापलीकडे पोपडे, आणि त्यापुढे तर नुसती दर्शनी भिंत, मागे आकाश. हिवाळ्यात उत्तरेकडून गार वारे येतात. लाटा कठड्यावर आपटून दोन-तीन मजले उंच उडतात, सहा पदरी रस्ता बंद करावा लागतो. ते खारं पाणी काँक्रीटमध्ये मुरतं, आतल्या सळयांना गंज चढतो, गंजलेली सळई फुगते आणि काँक्रीट आतूनच फोडते. वरून कितीही रंग द्या, हे थांबत नाही. 1990च्या दशकापासून शहर-इतिहासकाराच्या कार्यालयाने, एउसेबियो लेआल यांच्या नेतृत्वाखाली, जुन्या भागातली घरं एकेक करून दुरुस्तीला घेतली. बरीच वाचली. पण दोरीवर वाळत घातलेले हे कपडे सांगतात, मोडकळीला आलेल्या घरांतही माणसं राहतात. दर्शनी भाग रंगवण्याआधी त्यांचं छत भक्कम व्हायला हवं.

(निवेदन थांबतं. फक्त लाटांचा आवाज.)

ऑगस्ट 1994 मध्ये टंचाईने गांजलेले लोक याच रस्त्यावर निदर्शनांना उतरले. नंतरच्या आठवड्यांत हजारो जण तराफ्यांवरून फ्लोरिडाकडे निघाले. सप्टेंबर 2017 मध्ये ‘इर्मा’ चक्रीवादळाने समुद्र गल्ल्यांत शिरला.

ऊन उतरलं की कठडा भरायला लागतो. गळ टाकून बसलेले दुपारपासूनच इथे आहेत. फुगवलेल्या टायरच्या ट्यूबवर बसून काही जण आत खोल पाण्यात जातात. कागदाच्या लांब सुरळीत भाजलेले शेंगदाणे विकणारा, आपल्या चौपाटीवरच्यासारखाच, सगळ्यांच्या ओळखीचा. कुणी गिटार काढतं, कुणी रमची बाटली फिरवतं. उकाड्यात लहान खोल्यांमध्ये दाटीवाटीने राहणाऱ्या कुटुंबांची ही फुकटची बैठक आहे; इथे बसायला कुणी तिकीट मागत नाही, ‘उठा’ म्हणत नाही. रात्री नऊला पलीकडच्या ला काबान्या किल्ल्यावरून तोफ उडते. पूर्वी ती वेशीचे दरवाजे बंद होत असल्याची खूण होती. आता लोक तिच्यावर घड्याळं लावतात आणि गप्पा चालू ठेवतात.

उन्हाळ्यात कार्निव्हल असतो. तेव्हा मोटारींऐवजी या रस्त्यावरून सजवलेले चित्ररथ जातात, मोहल्ल्यामोहल्ल्याची नाचपथकं कोंगा ढोल वाजवत निघतात, आणि कठड्यावर जागा मिळवायची तर लवकर यावं लागतं.