‘वैयक्तिक कारणास्तव’

पत्रिकेत आजचा विषय ‘बेकायदा बडतर्फी आणि कर्मचाऱ्याचे हक्क’ असा छापलाय. त्याकडे येतोच. पण आधी मला दोनच शब्दांबद्दल बोलू द्या : ‘वैयक्तिक कारणास्तव’. राजीनाम्यात हे शब्द किती जणांनी लिहिलेत? करा हात वर. बरेच आहेत. आता ज्यांचं कारण खरोखर वैयक्तिक होतं, त्यांनीच हात वर ठेवा. बघा, किती खाली आले!

माझ्या राजीनाम्यातही ते होते, पण ते मी लिहिलेले नव्हते. पहिल्या नोकरीतलं चौथं वर्ष. दुपारी बोलावणं आलं. लहानशी खोली, टेबलापलीकडे दोघं. कागद नुकताच प्रिंटरमधून काढलेला, हाताला कोमट लागला. खाली माझं नाव, तारीख दोन आठवडे आधीची. एरवी मला अरे-तुरे करणारे साहेब त्या दिवशी ‘तुम्ही’ म्हणत होते. तिथेच मला कळायला हवं होतं. “सही करा, अनुभवाचा दाखला चांगला देऊ. नाहीतर काढून टाकल्याची नोंद लागेल.” मी म्हटलं, घरी विचारून उद्या सांगतो. “कागद या खोलीबाहेर जाणार नाही.”

त्याच्या महिनाभर आधी आम्ही चौघांनी जादा तासांच्या पैशांसाठी लेखी अर्ज दिला होता. त्यावर पहिली सही माझी होती.

मी सही केली.

नंतर वकिलांकडे गेलो. त्यांनी विचारलं, “कागदाची प्रत?” नाही. “सही तुमचीच?” हो. ते थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “त्यांनी काढलं असतं, तर का काढलं याचा जाब त्यांना विचारता आला असता. आता जबरदस्ती झाली, हे तुम्हाला सिद्ध करायचंय.” हे वाक्य इतकी वर्षं माझ्या डोक्यातून गेलेलं नाही. त्या कागदावर माझी नोकरी तर गेलीच, पण कारण विचारण्याचा माझा हक्कही मीच लिहून दिला.

चिठ्ठी आली, सात मिनिटं उरलीत. मग भराभर सांगतो.

आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा १९८२ चा १५८ क्रमांकाचा करार म्हणतो, काढायचं तर वैध कारण हवं : कर्मचाऱ्याची क्षमता, त्याची वर्तणूक किंवा आस्थापनेची गरज. कामगार संघटनेचं सभासदत्व, मालकाविरुद्धची तक्रार, गरोदरपण, धर्म, वंश ही कारणं चालत नाहीत. वर्तणुकीवरून काढायचं, तर आधी बाजू मांडू द्यायला हवी. भारतासह अनेक देशांनी या कराराला मान्यता दिलेली नाही, म्हणून आपल्याला कोणता कायदा लागू होतो हे आधी बघा. अमेरिकेत बहुतेक राज्यांत कारण न देताही काढता येतं. मोंटाना राज्याने १९८७ मध्ये त्याविरुद्ध कायदा केला. पण धर्म, वंश किंवा लिंग पाहून काढायला १९६४ च्या कायद्याने अमेरिकेतही बंदी आहे. आपल्याकडे तुम्ही कायद्याने ‘कामगार’ ठरता का, यावर पुष्कळ अवलंबून असतं, आणि ते हुद्द्याच्या नावावरून नाही, प्रत्यक्ष कामावरून ठरतं.

मुदत सांभाळा. जर्मनीत काढल्याचं पत्र हातात पडल्यापासून तीन आठवड्यांत दावा लावावा लागतो. ती मुदत चुकली, की चुकीची बडतर्फीही सहसा कायम होते.

दबावाखाली दिलेला राजीनामा म्हणजे बडतर्फीच, असं अनेक ठिकाणची न्यायालयं मानतात, पण पुरावा मागतात. म्हणून त्या खोलीत सही करू नका. करावी लागलीच, तर त्याच संध्याकाळी स्वतःच्या ईमेलवरून कळवा : खोलीत कोण होतं, काय म्हणालं, किती वाजता, आणि हा राजीनामा मी मागे घेतो. नियुक्तिपत्र, पगाराच्या स्लिपा, नोटिसा यांच्या प्रती आजच घरी ठेवा. ऑफिसचा ईमेल त्याच दिवशी बंद होतो. ‘फुल अँड फायनल’च्या, म्हणजे नोकरी सुटतानाच्या शेवटच्या हिशेबाच्या, कागदावर ‘माझी काही तक्रार नाही’ ही ओळ असते, ती वाचल्याशिवाय सही नको.

वेळ संपली. मी खाली थांबतोय. सध्या कोणाला सहीसाठी कागद दिला असेल, त्यांनी आधी यावं.