बिननावाच्या ब्लँकची ताकद

ही माझ्या हातातली मासे धरायची काठी बघा. जुन्या बाजारात घेतली तेव्हा दोर ओवायच्या कड्या गंजलेल्या होत्या, मुठीचं कॉर्क उंदरांनी कुरतडलं होतं आणि बुंध्यावरची अक्षरं कधीच घासून गेली होती. कड्या, मूठ, रील बसवायची रीलसीट, सगळं काढलं. उरला हा पोकळ दांडा, म्हणजे ब्लँक. नव्या कड्या तर बांधू, पण हिला तंगूस, म्हणजे गळाचा नायलॉनचा दोर, किती पौंडांना तुटणारा लावायचा?

आपण काय करतो? काठी हवेत दोनदा झटकतो, शेंडा छताला टेकवून दाबतो आणि जाहीर करतो, "कडक आहे, एकदम मजबूत!" गफलत नेमकी इथे आहे. घरी बसून मोजता येतो तो कडकपणा. मजबुती मोजायची तर काठी मोडून बघावी लागेल, आणि मग बांधणार काय, कपाळ?

काठ्या बनतात ते काचतंतू, म्हणजे फायबरग्लास, आणि कार्बन शेजारी ठेवून बघा. साधा कार्बनतंतू काचतंतूच्या तिप्पट ताठ असतो. पण काचतंतू तुटायच्या आधी चारेक टक्के ताणला जातो, साधा कार्बन दीडदोन टक्क्यांत संपतो, आणि फार ताठ जातीचा कार्बन एका टक्क्याच्याही आत. म्हणून फायबरग्लासची जुनी काठी ओल्या वेतासारखी लवते आणि तरी टिकते, आणि कार्बनची ताठ काठी काही न सांगता ‘खाट’ करून जाते.

हे मी पैसे मोजून शिकलोय. असाच एक बिननावाचा कार्बन ब्लँक होता, काळा, चकचकीत, भलता ताठ. मी खुशाल जाड तंगूस लावला. दुसऱ्याच दिवशी काठावरून मासा उचलताना मधोमध दोन तुकडे. तुटलेली जागा भिंगाखाली धरली तर जुनी कडी बांधलेल्या दोऱ्याखाली ब्लेडची एक बारीक आडवी चीर. ती कुणाची? माझीच! दोरा कापताना पातं कडीच्या पायावर, म्हणजे धातूवर, चालवायचं असतं. मी ते थेट ब्लँकवर चालवलं होतं.

आता मोजमाप. इंग्लंडात कार्प मासे धरणारे ‘टेस्ट कर्व्ह’ म्हणतात: बुंध्याशी शेंडा काटकोनात यायला जेवढं वजन लागतं, तो त्या काठीच्या कडकपणाचा आकडा. रिचर्ड वॉकरने 1952 साली रेडमायर तळ्यातून 44 पौंडांचा कार्प काढला. बांबूच्या चिरफळ्या चिकटवून केलेल्या त्याच्या ‘मार्क फोर’ काठीचा टेस्ट कर्व्ह दीड पौंडाच्या आसपास धरतात. ढोबळ हिशेब असा, की टेस्ट कर्व्हला पाचाने गुणा, तेवढ्या पौंडांचा तंगूस.

आपल्याला त्यासाठी पाण्याची रिकामी बाटली पुरते. बुंधा टेबलाला क्लॅम्पने आडवा बांधा, पण खाली चिंधी घाला, नाहीतर क्लॅम्पच ब्लँक चिरडेल. कड्या चिकटपट्टीने तात्पुरत्या लावा, दोरा त्यांतून ओवा आणि टोकाला बाटली. पाणी हळूहळू ओता. शेंडा जवळजवळ सरळ खाली बघायला लागला की थांबा. ‘जवळजवळ’ अशासाठी, की लटकत्या वजनाने पुरता काटकोन होत नाही, आणि तो करायच्या हट्टात काठी जाते. बाटली काट्यावर ठेवा. माझी आली 900 ग्रॅम, म्हणजे दोन पौंड. पाचाने गुणलं, दहा पौंडी तंगूस. चष्मा मात्र घाला. कार्बनची कुसळं डोळ्यात गेली तर गंमत नाही.

फ्लायच्या, म्हणजे हलक्या नकली माशीने मासे धरायच्या, काठ्यांसाठी अमेरिकेत विल्यम हॅनेमन यांनी याहून नाजूक पद्धत बसवली: काठी आडवी धरायची, आणि शेंडा तिच्या लांबीच्या एक तृतीयांश खाली येईपर्यंत पिशवीत एक सेंटची नाणी टाकत राहायची. नाणी मोजा, त्यावरून काठीच्या कडकपणाचा नंबर. तिथलं नाणं अडीच ग्रॅमचं, आपला 2011 च्या मालिकेतला रुपया 3.79 ग्रॅमचा. म्हणजे दोन रुपयांत जवळजवळ तीन सेंट. इतर मालिकांतले रुपये मिसळू नका, त्यांची वजनं वेगळी आहेत.

बाहेरची जाडी बघून अंदाज करणाऱ्यांना एकच सांगतो. भिंतही त्याच प्रमाणात जाड धरली, तर जाडी दहा टक्क्यांनी वाढल्यावर ताठपणा जवळजवळ दीडपट होतो. डोळ्याला हा फरक दिसत नाही. आणि आतली भिंत तर दिसतच नाही.

आणि वजन टांगण्याआधी एक तपासणी करायचीच. कापसाचा बोळा बुंध्यापासून शेंड्यापर्यंत फिरवा. जिथे धागा अडकेल तिथे तंतू सुटलाय. मग ब्लँक हळूच वाकवून कानाजवळ धरा. चर्र किंवा टक असा आवाज आला तर तो ब्लँक झेंडूच्या रोपाला आधार म्हणून लावा.

हिचा बोळा कुठे अडकला नाही, आवाजही नाही. पण आधीच्या मालकाने हिच्याशी काय काय केलं, कोण जाणे. म्हणून मी दहाऐवजी आठ पौंडी लावणार आहे, म्हणजे ओढाताण झालीच तर आधी तंगूस तुटेल. रीलचा ड्रॅगही, म्हणजे ओढ बसली की तंगूस सोडणारा ब्रेक, तंगुसाच्या पाव ताकदीवर, दोन पौंडांवर ठेवणार.

आता करूनच बघू. पहिल्या रांगेतलं कुणीतरी या, बाटली धरा. चपला काढू नका, पाणी सांडणार आहे.