‘किंमत काढा’पासून ‘सिद्ध करा’पर्यंत: महाविद्यालयातील गणिताची ओळख

नमस्कार. गणित हा विषय घेऊन नुकताच महाविद्यालयात प्रवेश घेतलेल्या विद्यार्थ्यांसाठी हा व्हिडिओ आहे. शाळेत ‘किंमत काढा’ असे सांगणारा हा विषय पहिल्याच सत्रात ‘सिद्ध करा’ असे म्हणू लागतो, तेव्हा अनेक हुशार विद्यार्थी गोंधळतात आणि याचा पुढे उपयोग काय, असे विचारतात. प्रश्न रास्त आहे, म्हणून त्याचे उत्तर आपण प्रत्यक्ष गणित करूनच शोधू.

समजा, मला ३ आणि ५ या दोन संख्या तुमच्याकडे पाठवायच्या आहेत. त्या तशाच न पाठवता मी ‘३ अधिक ५ क्ष’ ही बहुपदी घेतो आणि क्षच्या जागी ०, १, २, ३ ठेवून मिळणाऱ्या ३, ८, १३, १८ या चार किमती पाठवतो. वाटेत यांपैकी कोणत्याही दोन हरवल्या तरी काही बिघडत नाही, कारण उरलेल्या दोन किमती आलेखावर बिंदू म्हणून मांडल्या, तर त्यांतून एकच रेषा जाते आणि त्या रेषेवरून मूळ संख्या परत मिळतात. मला त्याहून विलक्षण वाटते ते हे, की १३ ऐवजी चुकून १४ पोहोचले, तर चूक नेमकी कुठे झाली हेही कळते: उरलेले तीन बिंदू एका रेषेत असतात आणि हा एकटाच बाहेर पडतो. मात्र ही खात्री एका चुकीपुरतीच का आहे, हे चार-पाच उदाहरणे पाहून ठरत नाही. त्यासाठी सिद्धताच लागते.

हीच कल्पना अधिक मोठ्या घातांकाच्या बहुपदींसाठी रीड आणि सोलोमन या गणितज्ञांनी १९६० मध्ये मांडली. संगणकाला अपूर्णांक आणि अमर्याद वाढणाऱ्या संख्या सोयीच्या नसतात, म्हणून त्यांनी सांत क्षेत्रे वापरली, म्हणजे मोजकेच घटक असलेल्या आणि बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार करता येतील अशा संख्याव्यवस्था. सात घटकांच्या क्षेत्रात आपण ७ ने भागून उरणारी बाकी तेवढी पाहतो. तिथे ३ गुणिले ५ म्हणजे १, त्यामुळे ३ ने भागायचे असेल तर ५ ने गुणावे. अशा क्षेत्रांवरचा लेख फ्रेंच गणितज्ञ एव्हारिस्त गाल्वा यांनी १८३० मध्ये, वयाच्या अठराव्या वर्षी लिहिला होता. आज क्यूआर कोडमध्ये २५६ घटकांचे क्षेत्र वापरतात, आणि चूक-दुरुस्तीच्या सर्वोच्च पातळीवर कोडचा सुमारे ३० टक्के भाग खराब झाला तरी मजकूर वाचता येतो.

करिअरचा विचार याच दृष्टीने करावा. माहिती सुरक्षित ठेवणाऱ्या क्रिप्टोग्राफीला मुख्यतः संख्या सिद्धांत (पूर्णांकांच्या गुणधर्मांचा अभ्यास) आणि अमूर्त बीजगणित लागते. विमा कंपन्यांत जोखमीचे गणित मांडणाऱ्या तज्ज्ञाला, म्हणजे ॲक्चुअरीला, संभाव्यता आणि संख्याशास्त्र (सांख्यिकी) लागते, आणि त्यासाठी व्यावसायिक परीक्षांची लांब मालिका द्यावी लागते. हवामानाच्या अंदाजामागे विकलक समीकरणे, म्हणजे बदलाचा वेग सांगणारी समीकरणे, असतात. डेटा सायन्समध्ये जायचे असेल, तर रेषीय बीजगणित परीक्षेपुरते शिकू नका, कारण तिथले बहुतेक काम त्याच भाषेत चालते. संशोधन आणि अध्यापन हे मार्ग आहेतच. यांपैकी कशासाठीही प्रोग्रामिंग पहिल्या वर्षापासून शिकावे, असे मी आग्रहाने सांगेन.

पुढील व्हिडिओपूर्वी एक प्रश्न सोडवून ठेवा. बाकी ७ ऐवजी ६ ने भागून घेतली, तर २ ने भागाकार करता येत नाही. का ते सिद्ध करा.