टिपूचा देह, बेअर्डची तलवार

कंदिलाच्या उजेडात आधी दिसतो तो टिपू. श्रीरंगपट्टणच्या वेशीत, प्रेतांच्या राशीखाली सापडलेला. वरच्या बाजूला तलवार घेऊन उभा आहे ब्रिटिश जनरल डेव्हिड बेअर्ड. ४ मे १७९९ ची ही रात्र स्कॉटिश चित्रकार सर डेव्हिड विल्कीने रंगवली. चित्र चांगलं दोन पुरुष उंच आहे. पुरं झालं १८३९ साली, घटनेनंतर तब्बल चाळीस वर्षांनी. आणि विल्कीने हिंदुस्थान कधी पाहिलाच नव्हता.

आता जरा खाली बघा. बेअर्डच्या पायाखाली लोखंडी जाळी आहे, तळघराची. ती उगाच नाही काढलेली. याच गावात बेअर्ड सुमारे साडेतीन वर्षं कैदेत होता. कैद्यांना जोडीजोडीने साखळीत जखडत. ते कळल्यावर त्याची आई म्हणे म्हणाली, “आमच्या डेव्हीच्या जोडीला जो बांधलाय, त्याचं काही खरं नाही!”

बेअर्ड पकडला गेला १० सप्टेंबर १७८० ला, पोल्लिलूरच्या लढाईत. तिथे इंग्रज फौज हरली होती. टिपूने ही लढाई श्रीरंगपट्टणच्या दर्या दौलत महालाच्या भिंतीवर रंगवून घेतली. लाल डगलेवाल्यांची चौकोनी फळी चहूबाजूंनी कोंडलेली, मधोमध दारूगोळ्याचा गाडा उडतोय. पालखीत इंग्रज फौजेचा म्होरक्या, जखमी कर्नल बेली तोंडात बोट घालून बसलाय. टिपू मात्र एवढ्या धुमश्चक्रीत निवांत फूल हुंगतोय! पुढे रंग उडाले, तेव्हा लॉर्ड डलहौसीने ही भिंत पुन्हा रंगवून घेतली. आपल्याच पराभवाच्या चित्रावर साहेबाने खर्च केला, याची मला अजून गंमत वाटते.

विल्कीच्या चित्रात सगळं कसं भारदस्त, शिस्तीतलं. त्या रात्री गावात जी लूटमार चालली होती, तिचा तिथे मागमूस नाही.

चित्रात नसलेली दुसरी गोष्ट बेअर्डच्या जिव्हारी लागलेली. हल्ल्याचं नेतृत्व त्याचं, पण शहराचा ताबा मिळाला आर्थर वेलस्लीला. हुद्द्याने कनिष्ठ, पण गव्हर्नर जनरलचा सख्खा भाऊ. कपाळावरचा घाम वाळायच्या आत मला बाजूला सारलं, असं बेअर्डने लिहून ठेवलंय. वेलस्लीने मग मुक्काम ठोकला तो दर्या दौलतमध्येच.

बेअर्ड १८२९ साली वारला. विल्कीला चित्राचं काम दिलं ते त्याच्या विधवा पत्नीने. वेलस्ली तोवर ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला होता, वॉटर्लू जिंकून ब्रिटनचा पंतप्रधानही होऊन गेला होता.