तळघरातला रेडॉन

डिसेंबर १९८४. पेनसिल्व्हेनियातल्या लिमरिक अणुवीज केंद्रात काम करणारे अभियंते स्टॅन्ली वॉट्रस किरणोत्सर्ग मोजणाऱ्या यंत्रासमोरून गेले की धोक्याची सूचना वाजू लागे. केंद्रातून वीजनिर्मिती अजून सुरूही व्हायची होती. किरणोत्सर्ग ते कामावरून घरी नेत नव्हते, तर घरूनच घेऊन येत होते. त्यांच्या घरातली हवा तपासली तेव्हा तीत लिटरमागे सुमारे २,७०० पिकोक्युरी (किरणोत्सर्ग मोजण्याचे एकक) इतका रेडॉन हा किरणोत्सर्गी वायू निघाला. घरात उपाययोजना करण्यासाठी अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने ठरवलेली पातळी अवघी ४ पिकोक्युरी आहे.

खडकांतल्या युरेनियमपासून रेडियम आणि रेडियमपासून रेडॉन तयार होतो. रंग, वास, चव नसलेला हा वायू मोकळ्या हवेत विरून जातो. परंतु थंडीत बंद घरातली गरम हवा वर चढते, तळाशी दाब कमी होतो आणि फरशीच्या भेगांतून, नळांभोवतीच्या फटींतून जमिनीतला वायू आत ओढला जातो. त्याच्या विघटनातून निर्माण होणारे पोलोनियमचे कण श्वासावाटे फुफ्फुसात जाऊन तिथल्या पेशींना इजा करतात. अमेरिकेत दरवर्षी सुमारे २१,००० माणसे रेडॉनमुळे होणाऱ्या फुफ्फुसाच्या कर्करोगाने दगावतात, असा याच संस्थेचा अंदाज आहे. धूम्रपान करणाऱ्यांना हा धोका कितीतरी पटींनी अधिक असतो.

वॉट्रस यांच्या घराखालचा रीडिंग प्राँग हा खडकांचा पट्टा पुढे न्यू जर्सीतही जातो आणि त्या राज्यात मराठी कुटुंबे मोठ्या संख्येने राहतात. भारतात आपल्याला तळघराची सवय नसते. अमेरिकेत मात्र मुलांची खेळायची जागा, घरून काम करणाऱ्यांचे टेबल आणि कित्येकदा सहा महिन्यांसाठी आलेल्या आई-बाबांची खोलीही तळघरातच असते. म्हणून हा विषय आपल्याही घरचा आहे. शेजाऱ्यांच्या घरात रेडॉन कमी निघाला, एवढ्यावर निर्धास्त राहू नये, कारण लागून असलेल्या दोन घरांतही मोठा फरक आढळतो.

पडद्यावर दिसणारी ही चपटी गोल डबी घरातला रेडॉन मोजण्यासाठी आहे; तिच्यात रेडॉन शोषून घेणारा सक्रिय कोळसा आहे. वावर असलेल्या सर्वांत खालच्या मजल्यावर, जमिनीपासून निदान वीस इंच उंचीवर, खिडकीपासून दूर ती उघडून ठेवायची. स्वयंपाकघर आणि न्हाणीघर टाळायचे. बारा तास आधीपासून दारे-खिडक्या बंद ठेवायच्या, जाण्या-येण्यापुरते दार उघडले तर चालते. दोन ते चार दिवसांनी डबी घट्ट बंद करून लगेच प्रयोगशाळेकडे पाठवावी लागते, कारण रेडॉन ३.८ दिवसांत निम्मा उरतो आणि डबी घरात पडून राहिली तर चाचणी वाया जाते. वर्षभराची सरासरी हवी असेल, तर नव्वद दिवसांहून अधिक काळ चालणारी चाचणी अधिक भरवशाची.

प्रमाण जास्त निघाले, तरी घर सोडण्याची वेळ सहसा येत नाही. केवळ भेगा बुजवून मात्र भागत नाही. तळघराच्या काँक्रीटला भोक पाडून त्यात पीव्हीसीचा पाइप बसवतात आणि पंख्याच्या साहाय्याने फरशीखालचा वायू ओढून छपराच्या वर सोडतात. त्या पाइपवर इंग्रजी यू अक्षराच्या आकाराची, रंगीत द्रव भरलेली नळी असते. तिच्या दोन बाजूंची पातळी वर-खाली असेल तर पंखा ओढतो आहे. पातळी सारखी झाली, की पंखा बंद पडल्याचे समजावे आणि दुरुस्ती करणाऱ्याला त्याच दिवशी बोलवावे. यंत्रणा बसल्यावर महिन्याभरात चाचणी पुन्हा करावी आणि त्यानंतर दर दोन वर्षांनी ती करत राहावी.